निघताना बाळाचं तापमान किती होतं?

हे प्रकरण ठाणे जिल्ह्यातलं. पूर्वेच्या डोंगरपट्ट्यातल्या एका छोट्या सरकारी रुग्णालयात एक बाळ जन्मलं आणि ठाणे शहरातल्या मोठ्या रुग्णालयात, सव्वीस तासांचं असताना गेलं. दोन्ही रुग्णालयांची नावं, गाव आणि तारीख गाळली आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मी त्या मोठ्या रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ आहे. त्या रात्री मी ऑन-कॉल होते आणि नंतर बालमृत्यू अन्वेषणाच्या, म्हणजे बाळ का दगावलं हे तपासणाऱ्या, बैठकीतही होते. म्हणजे परीक्षा देणारी मी आणि पेपर तपासणाऱ्यांतही मी, हे वाचताना लक्षात असू द्यावं.

पार्श्वभूमी

२०२०च्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात दर हजार जिवंत जन्मांमागे १६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती आणि त्यांतली ११ पहिल्या २८ दिवसांतच. थोडक्यात, आता आपल्याकडचा बालमृत्यू हा मुख्यतः नवजात बाळांचा मृत्यू आहे. अपुरे दिवस आणि कमी वजन, जन्मताना श्वास कोंडणं, जंतुसंसर्ग आणि जन्मजात दोष ही चार कारणं आमच्या रजिस्टरात आलटून पालटून दिसतात. पाचवं कारण क्वचितच दिसतं, कारण ते लिहिण्याची पद्धत नाही.

आई बावीस वर्षांची, दुसरी खेप. पहिली मुलगी दीड वर्षाची. हिमोग्लोबिन ८.४. नोंदणी वेळेत झालेली होती, आशाताईंच्या वहीत तपासण्यांच्या तारखा होत्या. नवरा भिवंडीच्या एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचं काम करतो, रात्रपाळीला. जुलै महिना होता, पाऊस धो-धो. बत्तिसावा आठवडा सुरू असताना रात्री नऊच्या सुमारास तिच्या पोटात कळा येऊ लागल्या. सासूने वेळ घालवला नाही. शेजारच्याची इको काढली आणि ११.१० वाजता दोघी रुग्णालयात पोहोचल्या.

ड्युटीवर एकच डॉक्टर, सक्तीच्या सरकारी सेवेच्या बाँडवर आलेला, एमबीबीएस होऊन वर्ष झालेलं. सोबत एक सिस्टर आणि एक मावशी. तपासलं तर पिशवीचं तोंड जवळजवळ पूर्ण उघडलेलं. बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोनचा पहिला डोस ११.२० ला दिला. तो बरोबरच होता, पण या इंजेक्शनाचे बारा-बारा तासांनी चार डोस असतात आणि पूर्ण गुण यायला दिवस लागतो. इथे हाताशी अर्धा तास होता. ११.५२ ला मुलगा झाला. वजन १४२० ग्रॅम. लगेच रडला.

अडचण

रडला, पण दहा मिनिटांत श्वासाचा वेग वाढला. मिनिटाला ६४, छातीखाली किंचित खड्डा पडायला लागला. नियम सांगतो की १८०० ग्रॅमच्या आतलं किंवा ३४ आठवड्यांच्या आधीचं बाळ विशेष नवजात कक्षात हवं. तो कक्ष त्या रुग्णालयात नाही. वॉर्मर, म्हणजे बाळाला ऊब देणारं यंत्र, एकच होता आणि त्याचा त्वचेला चिकटवून तापमान मोजणारा प्रोब तुटलेला, त्यामुळे तो हाताने कमी-जास्त करूनच चालायचा. सीपॅप, म्हणजे नाकावाटे दाबाने हवा देऊन फुप्फुसं उघडी ठेवणारं यंत्र, नाही.

इथपर्यंत कोणाचं काही चुकलं असं मला वाटत नाही. बाळाला पुढे पाठवणं भागच होतं. या प्रकरणाचा सगळा गाभा मधल्या ७३ मिनिटांत आणि नंतरच्या सव्वादोन तासांत आहे.

पर्याय काय होते

पहिला पर्याय: बाळ रात्रभर तिथेच ठेवायचं, आईच्या छातीवर, आणि उजाडल्यावर दोघांना मिळून पाठवायचं. श्वास नीट असता तर मी याच बाजूने बोलले असते. सीपॅपशिवाय, वाढत्या धापेसह सहा तास काढणं धोक्याचं होतं.

दुसरा: १०८ची वाट पाहायची. १०८मध्ये डॉक्टर असतो, ऑक्सिजनची सोय असते. पण जवळची गाडी महामार्गावरच्या अपघाताला गेलेली, तासाभराने येईल असं उत्तर मिळालं.

तिसरा: रुग्णालयाची स्वतःची १०२, गर्भवती आणि बाळांना ने-आण करणारी. ती आवारातच उभी होती. तिच्यात ड्रायव्हर आणि ऑक्सिजनचा सिलिंडर, बस्स. सिस्टर सोबत पाठवली तर लेबर रूममध्ये कोणी उरत नव्हतं.

चौथा पर्याय त्या रात्री कोणाच्या तोंडी आलाच नाही: आईला बाळासोबत पाठवणं. वार उशिरा पडली होती, थोडा रक्तस्राव होता, दोन टाके घालायचे होते. "आईला सकाळी पाठवू" असं ठरलं. आईची प्रकृती पाहता ते गैर नव्हतं. मात्र आई मागे राहिल्यावर बाळाची ऊब कुठून येणार, हा प्रश्न तिथेच विचारायला हवा होता.

डॉक्टरने १०२ निवडली. आजही मला वाटतं की गाडी निवडण्यात त्याची चूक नव्हती. गाडीत बाळ कसं बसवलं, तिथे चूक झाली.

काय केलं गेलं

१२.२५ ला रेफरची चिठ्ठी लिहिली. वजन, आठवडे, श्वास, दिलेली औषधं, व्हिटॅमिन के, सगळं सुवाच्य अक्षरात. तापमानासाठी छापील रकाना नव्हता. आम्हाला फोन केला नाही. डॉक्टर नंतर म्हणाला, "मॅडम, फोन केला तर बेड नाही सांगतात. बाळ दारात आलं की घेतात." हे त्याला कोणी शिकवलं? आम्हीच. अनेक रात्री आमच्या वॉर्डातून हेच उत्तर गेलेलं आहे.

बाळाला ओल्या गॉझने पुसलं होतं, अंगावरचा पांढरा थर काढण्यासाठी. तो थर काढू नये हे सगळ्यांना माहीत असतं, तरी बाळ 'स्वच्छ' दिसावं म्हणून हात जातोच. मग रुग्णालयाच्या हिरव्या कापडात गुंडाळलं. टोपी नव्हती. आजीने घरून गोधडी आणली होती. ती कळकट दिसली म्हणून मावशीने बाहेर ठेवायला सांगितली. ती गोधडी रात्रभर लेबर रूमच्या बाहेरच्या बाकड्यावर पडून होती.

१.०५ ला गाडी निघाली. आजी मागे, बाळ मांडीवर. पावसात काच धुरकटायला लागली तसा ड्रायव्हरने एसी लावला, समोरचं दिसावं म्हणून. त्या गाडीत पुढचा आणि मागचा भाग यांच्यात पडदासुद्धा नाही. पडघा मागे टाकल्यावर कंटेनरची रांग, भिवंडी बायपासला खड्डे, माणकोलीपाशी गाडी वीस मिनिटं जागची हलली नाही. नाशिक महामार्गाने रात्री ठाण्याला येणाऱ्याला हे नव्याने सांगायला नको.

वडिलांना घरून फोन गेला होता. गोदामातून मोटारसायकलने निघून ते दोन वाजल्यापासून आमच्या गेटवर उभे होते. बाळ येतंय हे त्यांना माहीत होतं. आम्हाला नव्हतं.

३.२० ला गाडी पोहोचली. कॅज्युअल्टीत आधी केसपेपर, मग शिक्का, मग वरच्या मजल्यावर. यात अठरा मिनिटं गेली. रेसिडेंटने, म्हणजे आमच्याकडे शिकत असलेल्या निवासी डॉक्टरने, कापड उघडलं तेव्हा बाळ राखाडी होतं आणि कण्हत होतं. डिजिटल थर्मामीटर काखेत लावला, त्यावर आकडा उमटला नाही. 'लो' एवढंच. साधे थर्मामीटर बत्तीस अंश सेल्सिअसच्या खाली मोजत नाहीत. वॉर्मरच्या प्रोबने दाखवलं ३१.६. साखर २२. ऑक्सिजन ७८ टक्के.

रेसिडेंटने मला फोन केला. मी विचारलं: साखर किती, रक्तातलं ऑक्सिजन सॅच्युरेशन किती, छातीत क्रेपिटेशन्स (करकर आवाज) आहेत का. तापमान मी विचारलं नाही. त्याने शेवटी आपणहून सांगितलं, "आणि मॅडम, थंड आहे." मी म्हटलं, "वॉर्मरवर घे." जणू ती किरकोळ गोष्ट होती.

कक्ष भरलेला होता. इथे आमचा निर्णयाचा क्षण आला: दुसऱ्या रुग्णालयात पाठवायचं, की एका वॉर्मरवर दोन बाळं ठेवायची. अशा अवस्थेत पुन्हा रस्त्यावर पाठवणं शक्यच नव्हतं. दोन बाळं शेजारी ठेवली. संसर्गाचा धोका पत्करून घेतलेला तो निर्णय मी पुन्हाही घेईन. दहा टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाइन), सीपॅप, श्वास अडखळू नये म्हणून कॅफीन, अँटिबायोटिक सुरू झालं. ऊब किती वेगाने द्यायची यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. आम्ही ३४पर्यंत भरभर आणि पुढे सावकाश नेलं. सकाळी ७.१० ला ३६.५ झालं. साखर स्थिरावली. दुपारी वडिलांना सांगितलं की बाळ थोडं सावरलंय.

रात्री आठनंतर नळीतून ताजं रक्त आलं. फुप्फुसात रक्तस्राव. व्हेंटिलेटरवर घेतलं, रक्तघटक दिले. पहाटे दोनच्या सुमारास बाळ गेलं.

आई त्याच संध्याकाळी जीपने पोहोचली होती, टाके आणि ताप घेऊन. तिने बाळाला नळ्यांसकट पाहिलं, हात लावला. छातीशी धरता आलं ते नंतर.

मृत्यूच्या कागदावर मी लिहिलं: अपुऱ्या दिवसांचं बाळ, श्वसनविकार, सेप्सिस (अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग). चौथ्या दिवशी रक्ताचं कल्चर आलं, त्यात जंतू वाढलेले नव्हते. कल्चर कोरं आलं म्हणजे सेप्सिस नव्हताच असं नाही. पण तो शब्द मी पुराव्यावरून लिहिला नव्हता, सवयीने लिहिला होता. थंड पडलेलं बाळ सुस्त असतं, दूध घेत नाही, श्वास अडखळतो, साखर उतरते. सेप्सिसचं बाळही हुबेहूब असंच दिसतं.

थंडीने नेमकं काय होतं

नवजात बाळाला कुडकुडता येत नाही. ऊब तयार करायला त्याच्याकडे पाठीच्या वरच्या भागात आणि मूत्रपिंडांभोवती तपकिरी चरबी असते, पण ती भरते गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत. बत्तीस आठवड्यांच्या बाळाची ती शिदोरी अर्धवटच असते. वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा, कातडी पातळ, त्यातून ओलं अंग. अंगावरचं पाणी सुकताना ऊब घेऊन जातं. उरलेली एसीचा झोत आणि गार कापड घेतं. शरीर ती भरून काढायला साखर आणि प्राणवायू जाळतं. साखर संपते, रक्तात आम्ल साचतं, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच कच्ची फुप्फुसं आणखी आखडतात. ३६.५ ते ३७.५ हे बाळाचं घर. ३६च्या खाली मध्यम, ३२च्या खाली तीव्र थंडावा.

१९५८ साली अमेरिकेत विल्यम सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांची बाळं काही अंशांनी अधिक उबदार पेटीत ठेवली, तर जगण्याचं प्रमाण ठळकपणे वाढलं. १९७८मध्ये बोगोटात एडगर रे यांनी पेट्या अपुऱ्या म्हणून बाळं आयांच्या छातीवर बांधली आणि त्यातून कांगारू पद्धत आली. २०२१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच देशांतल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात भारतही होता. १ किलो ते १.८ किलोच्या आतल्या बाळांना, ती पूर्ण स्थिर होण्याची वाट न पाहता, जन्मल्याबरोबर आईच्या छातीला लावलं. २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. आमचं बाळ १४२० ग्रॅमचं होतं, अगदी त्याच गटातलं. हा अभ्यास माझ्या लॅपटॉपमध्ये होता, त्यावर मी रेसिडेंटसाठी भाषणही दिलं होतं.

थंडीमुळेच बाळ गेलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण जन्मतः रडलेली, इतक्या वजनाची बहुतेक बाळं आमच्या वॉर्डातून घरी जातात.

अन्वेषणाच्या बैठकीत

बालमृत्यू अन्वेषणाच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २०१४पासून आहेत. बैठकीत तीन विलंबांची चौकट वापरतात: घरातून निघायला उशीर, पोहोचायला उशीर, पोहोचल्यावर उपचाराला उशीर. आमची गाडी या चौकटीतून झरझर पुढे गेली. घरातून निघायला उशीर? सासू दोन तासांत घेऊन आली. रेफर? तासाभरात. रस्ता? ट्रॅफिक, आपल्या हातात नाही. उपचार? बाळ वर आल्या क्षणापासून. 'टाळता न येण्याजोगा' या चौकोनात खूण करायला पेन टेकलंच होतं.

आमच्या इनचार्ज सिस्टर अशा बैठकीत सहसा बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "निघताना बाळाचं तापमान किती होतं?"

कोणाकडेच उत्तर नव्हतं. चिठ्ठीवर नाही, लेबर रूमच्या रजिस्टरात नाही, गाडीच्या लॉगबुकात तर नाहीच. मग आमचंच मागच्या काही महिन्यांचं रजिस्टर उघडलं. बाहेरून आलेल्या किती तरी बाळांच्या नावापुढे समासात पेन्सिलने एकच शब्द होता: 'थंड'. आकडा कुठेच नाही. सिस्टर लोक लिहीत होत्या, आम्ही वाचत नव्हतो.

तेराव्या दिवशी आशाताई आणि तालुक्याचे आरोग्य अधिकारी घरी गेले, मीही गेले. एसीचं, गोधडीचं, हिरव्या कापडाचं सगळं तिथे कळलं. आजीला कोणी दोष देत नव्हतं, पण तिला तसंच वाटत होतं. "रडत नव्हता," ती म्हणाली. "मना वाटला, पोर निजलाय." मी म्हटलं, "आजी, तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं." ती माझ्याकडे बघत राहिली. गोधडी दोरीवर वाळत घातली होती.

चौकोन बदलून 'टाळता येण्याजोगा' केला. माझ्या कागदातल्या कारणांच्या साखळीत तीव्र हायपोथर्मिया, म्हणजे तीव्र थंडावा, हे शब्द समितीने घातले. त्याला मी मान हलवली. बरं वाटलं नाही, हेही लिहून ठेवते.

त्यानंतर काय बदललं

पैसे लागतील असं फारसं काही नव्हतं. बत्तीसच्या खाली मोजणारे थर्मामीटर लेबर रूममध्ये आणि गाडीत. चिठ्ठीवर तापमानाचा रकाना, निघताना आणि पोहोचल्यावर. ३६.५ झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, जीव वाचवण्याची घाई असेल तेवढा अपवाद. टोपी, मोजे. फार लहान बाळांना, अंग पुसण्यात वेळ न घालवता, गळ्यापर्यंत स्वच्छ प्लास्टिकची पिशवी. आणि मुख्य म्हणजे बाळ मांडीवर न ठेवता छातीवर, उघड्या अंगाला उघडं अंग, वरून पातळ साडीची झोळी बांधून. आई नसेल तर आजी, वडील, मावशी, कोणीही. ऑक्सिजनची नळी बाळाच्या नाकाला तशीही लावता येते.

पुरुष तयार होणार नाहीत असं बैठकीत म्हणणारे होते. होतात. शर्टाची बटणं काढायला सांगणाऱ्याचीच जीभ अडखळते.

ड्रायव्हर लोकांची बैठक वेगळी घेतली. ती सर्वांत कामाची ठरली. काच धुरकटली तर काय करायचं हा खरा प्रश्न होता, 'एसी बंद ठेवा' एवढं सांगून भागत नव्हतं. त्यांच्यातल्याच एकाने तोडगा सांगितला: हीटरचा झोत काचेवर सोडायचा, मागे पडदा लावायचा. पडदे शिवून घेतले.

आमच्या बाजूला दोन बदल झाले. रेफर होणारं बाळ थेट वर, केसपेपर मागून. आणि फोनवर 'बेड नाही' हे उत्तर बंद. जागा नसेल तर बेड शोधायची जबाबदारी आमच्या रेसिडेंटची, चिठ्ठी लिहिणाऱ्याची नाही. पहिला बदल आठवड्यात रुळला. दुसऱ्यावरून अजून वाद होतात, आणि रेसिडेंटचं म्हणणं अगदीच चूक नसतं. तीन वाजता चार रुग्णालयांना फोन करत बसला तर आतली बाळं कोण बघणार?

वेगळं काय करता आलं असतं

फोन आला असता तर मी विचारलं असतं का, बाळ गरम आहे का? प्रामाणिकपणे, नाही. त्यामुळे फोन नसणं ही मूळ त्रुटी होती असं मी मानत नाही. बाळाची ऊब हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे हे दोन्ही टोकांना कोणाच्याच अंगवळणी पडलं नव्हतं. ठाण्यात कुठली आलीय थंडी, ही समजूत फक्त आजीची नव्हती.

निघण्याआधीच्या ७३ मिनिटांतली पन्नास तरी बाळ आईच्या छातीवर काढू शकलं असतं. टाके घालताना आई आडवीच होती. वॉर्मरचा प्रोब काही महिन्यांपासून तुटलेला होता आणि मागणीपत्र गेलेलं होतं. त्याचा पाठपुरावा कोणी केला नाही, यात जिल्ह्याच्या पातळीवरचे आम्ही सगळे आलो. गोधडी वरून दोन पदर गुंडाळायला चालली असती, खाली धुतलेलं कापड ठेवून. कळकट गोधडीतल्या जंतूंची भीती आम्हाला लगेच वाटली.

त्या डॉक्टरचा बाँड संपला, तो पुढे शिकायला गेला. जाण्याआधी त्याने लेबर रूमच्या भिंतीवर स्वतःच्या अक्षरात तक्ता लावला, अजून आहे. थर्मामीटर दोनदा हरवला, दोनदा आणला.

मागच्या आठवड्यात तिथूनच एक बाळ आलं, १६०० ग्रॅमचं, मामाच्या छातीवर बांधलेलं. चिठ्ठीवर तापमानाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'नॉर्मल'. इनचार्ज सिस्टरनी बाळाला थर्मामीटर लावला, ३६.२ आलं. मग त्यांनी तिथल्या लेबर रूमचा नंबर फिरवला आणि विचारलं, "नॉर्मल म्हणजे किती?"